सहा शनिवार आणि नियम ३३ : ठाण्यातील एका अभ्यासवर्गाविषयी

नौपाड्यातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सायंकाळी साडेपाच ते साडेसात या वेळेत राखीव सैन्य, सीमासुरक्षा आणि कायदा या विषयावर सहा आठवड्यांचा अभ्यासवर्ग भरतो. शुल्क १,८०० रुपये असून त्यात टिपणांचा संच येतो. शिकवणारे दोघे आहेत : लष्कराच्या कायदा शाखेतून निवृत्त झालेले एक कर्नल आणि ठाणे न्यायालयात वकिली करणाऱ्या एक बाई. मी नुकताच हा वर्ग पूर्ण केला. जाऊ इच्छिणाऱ्यांना त्यात काय मिळते आणि काय राहून जाते हे आधी कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी तिथे का गेले हे सांगणे भाग आहे, कारण माझे मत त्यावरच उभे आहे. रबाळे एमआयडीसीतील एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यात मी कर्मचारी विभाग सांभाळते. आमच्याकडे सीएनसी लेथ चालवणारा एक तरुण प्रादेशिक सेनेत, म्हणजे सगळे ज्याला ‘टीए’ म्हणतात त्या, आपली नोकरी सांभाळून सैन्यसेवा देणाऱ्यांच्या राखीव दलात आहे. वार्षिक प्रशिक्षणासाठी तो रजा घेतो, हे आम्हा सर्वांच्या अंगवळणी पडले होते. गेल्या पावसाळ्यात मात्र तो हातात पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “ताई, या वेळी ट्रेनिंग नाही, एम्बॉडीमेंट आहे. परत कधी येईन ते आत्ता सांगता येणार नाही.” आमची कामगारविषयक कागदपत्रे पाहणाऱ्या सल्लागाराने फोनवरच सांगून टाकले की एवढी लांब रजा द्यायला मालक बांधील नाही, राजीनामा लिहून घ्या, परत आल्यावर जागा असेल तर पाहता येईल. मी मसुदा टाइपही केला. मालकांनी सही घेण्याची घाई करू नका असे सांगितले, म्हणून तो कागद माझ्या खणात पडून राहिला. तो सल्ला साफ चुकीचा होता, हे मला या वर्गात कळले.

पहिला शनिवार राज्यघटनेचा होता आणि तो मला थोडा लांबलेला वाटला. संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य अनुच्छेद ५३ नुसार राष्ट्रपतींकडे असले तरी त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होतो. परकीय आक्रमणापासून राज्यांचे रक्षण करणे हे अनुच्छेद ३५५ नुसार संघराज्याचे कर्तव्य आहे. आणि सैन्य हा विषय संघसूचीत असल्याने कोणत्याही राज्याला स्वतःचे सैन्य सीमेवर धाडता येत नाही. इतके पक्के झाले की पुढचे समजायला अडचण येत नाही. हे अर्ध्या वेळात सांगून झाले असते.

वर्गाचे खरे मोल दुसऱ्या शनिवारपासून सुरू होते. त्या दिवशी कर्नलसाहेबांनी प्रत्येकाच्या हातात प्रादेशिक सेना कायदा, १९४८ मधील कलम ७ ची एकपानी झेरॉक्स दिली आणि पेन्सिल काढायला सांगितली. क्रियापदांखाली रेघ मारा, एवढीच सूचना होती. रेघा मारता मारता लक्षात आले की या कलमात एका माणसाला लष्करी सेवेत आणण्याचे तीन वेगवेगळे मार्ग आहेत. मुलकी सत्तेच्या साहाय्यासाठी किंवा अत्यावश्यक ठिकाणांच्या पहाऱ्यासाठी त्याला बोलावता येते. प्रशिक्षणासाठी अथवा नियमित सैन्याला आधार किंवा जोड देण्यासाठी त्याला अंगभूत करून, म्हणजे तेवढ्या काळापुरते पूर्णवेळ सेवेत घेता येते, यालाच जवान एम्बॉडीमेंट म्हणतात. आणि नियमित सैन्याच्या एखाद्या तुकडीशी त्याला जोडता येते. वर्तमानपत्रात या तिन्हींना ‘पाचारण’ हा एकच शब्द वापरला जातो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. आमच्या कारखान्यातल्या मुलाने ‘ट्रेनिंग नाही, एम्बॉडीमेंट आहे’ असे म्हटले तेव्हा त्याच्या बोलण्यात नेमका कोणता फरक होता, तो त्या पानावर मला दिसला. प्रशिक्षणही एम्बॉडीमेंटनेच होते, पण तो म्हणत होता ती नियमित सैन्याला जोड देण्यासाठीची होती.

त्याच कलमातील दुसरी एक गोष्ट सीमेच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. केंद्र सरकारचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश असल्याशिवाय प्रादेशिक सेनेतील कोणालाही भारताच्या हद्दीबाहेर सेवा करायला लावता येत नाही. म्हणजे सीमेपर्यंतची तैनाती एका अधिकाराने होते आणि सीमेपलीकडच्या पहिल्या पावलाला वेगळा आदेश लागतो. समोर बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी यावर हात वर करून विचारले की मग युद्धात काय होते, आणि कर्नलसाहेबांनी उत्तर देताना तोच नियम पुन्हा शब्दशः वाचला : युद्ध असले तरी तो आदेश लागतोच. शिकवण्याची ही पद्धत मला फार भावली. माणूस आठवणीतून बोलत नव्हता, कागदावर बोट ठेवून बोलत होता.

तिसरा शनिवार पूर्णपणे मे २०२५ च्या अधिसूचनेला दिलेला होता, आणि केवळ या एका सत्रासाठीही मी अठराशे रुपये पुन्हा देईन. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले, आणि त्यानंतर दोन दिवसांत प्रादेशिक सेनेविषयीची बातमी सगळीकडे पसरली. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर अठरा वर्षांवरील प्रत्येकाला सीमेवर जावे लागणार असे संदेश फिरत होते आणि माझ्या शेजारणीने मुलाचे कॉलेज थांबवायचे का असे मला काळजीने विचारले होते. प्रत्यक्षात ६ मेच्या त्या अधिसूचनेने प्रादेशिक सेना नियम, १९४८ मधील नियम ३३ खाली सेवेसाठी बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला होता, आणि तो केवळ प्रादेशिक सेनेत आधीच नाव नोंदवलेल्या अधिकाऱ्यांपुरता आणि जवानांपुरता होता. सामान्य नागरिकाला त्यातून कोणीही बोलावू शकत नाही. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन अंगभूत करून दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य, उत्तर, नैर्ऋत्य, अंदमान-निकोबार आणि प्रशिक्षण कमांडच्या क्षेत्रांत तैनात करण्याची तरतूद त्यात होती.

वकीलबाईंनी मग आम्हाला कालावधीचे वाक्य शोधायला लावले. आदेश १० फेब्रुवारी २०२५ पासून ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत लागू. तारीख मोठ्याने वाचल्यावर वर्ग क्षणभर गप्प झाला, कारण सुरुवातीची तारीख पहलगामच्याही दोन महिन्यांहून अधिक आधीची आहे. ज्या कागदाला सगळ्यांनी त्या आठवड्यातील घाईचा निर्णय समजले, त्याचा कालावधी हल्ल्याच्या आधीपासून मोजला जात होता आणि तो तीन वर्षांचा होता. बातमी वाचताना माझ्यासकट कोणाचेही तिकडे लक्ष गेले नव्हते.

त्या कागदातील आणखी एक अट मला हिशेब लिहिणारी बाई म्हणून लगेच कळली. अर्थसंकल्पात निधी असेल किंवा अंतर्गत बचतीतून तो फिरवून उपलब्ध करून दिला असेल तरच एम्बॉडीमेंटचा आदेश काढता येतो, आणि संरक्षणाखेरीज दुसऱ्या मंत्रालयाच्या मागणीवरून तुकडी घेतली तर खर्च त्या मंत्रालयाच्या खात्यावर पडतो. सैन्य हलवण्याच्या अधिकारावर संसदेने मंजूर केलेल्या पैशाची मर्यादा असते, हे मी नागरिकशास्त्रात कधी शिकले नव्हते. एका सरकारी आदेशात ते सरळ लिहिलेले आहे.

इथवर वर्ग उत्तम आहे. माझी मुख्य तक्रार चौथ्या शनिवारची आहे. कलम ७ अ आणि ७ ब ही थेट मालकाला उद्देशून लिहिलेली कलमे आहेत आणि त्यांना जेमतेम वीस मिनिटे मिळाली. कलम ७ अ सांगते की सेवेसाठी बोलावलेल्या कर्मचाऱ्याला आवश्यक तेवढी रजा देणे आणि सेवा संपल्यावर, नोकरीत खंड पडला नसता तर त्याला जे काम आणि ज्या अटी मिळाल्या असत्या त्यांहून कमी नसलेल्या अटींवर परत घेणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने नकार दिला किंवा ते शक्य नाही असे म्हटले, तर कोणताही पक्ष विहित प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तो प्राधिकारी मालकाला सूट देऊ शकतो, योग्य त्या अटींवर कामावर घेण्याचा आदेश देऊ शकतो, किंवा सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. कलम ७ ब भविष्यनिर्वाह निधीसारख्या योजनांमधील हक्क जपते. हे ऐकताना माझ्या खणातला तो राजीनामा डोळ्यांसमोर आला आणि मला खरोखर घाम फुटला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात माझ्यासारखे कितीतरी लोक कर्मचाऱ्यांच्या फायली सांभाळतात. ज्या माणसाने सीमेवर जायचे तो निर्धास्तपणे जाऊ शकतो की नाही हे शेवटी आमच्या टेबलावर ठरते, आणि म्हणूनच या दोन कलमांना पूर्ण सत्र मिळायला हवे. नमुना अर्ज, रजेच्या नोंदीचा नमुना, प्राधिकाऱ्याकडे जायची पद्धत यांतले काहीही टिपणांत नाही.

पाचवे सत्र सीमा सुरक्षा दलाचे. शांततेच्या काळात पाकिस्तान आणि बांगलादेश सीमेवरचा पहारा मुख्यतः या दलाकडे असतो, त्याचा कायदा १९६८ चा आहे आणि २०२१ च्या अधिसूचनेने पंजाब, पश्चिम बंगाल व आसाममध्ये त्याची अधिकारकक्षा सीमेपासून १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटरवर नेली, हे सांगून झाले. मात्र सैन्याला आधार देणे आणि पोलिसांसारखी झडती घेणे यांतला फरक जितका उलगडायला हवा होता तितका उलगडला नाही.

तो फरक अनपेक्षितपणे सहाव्या सत्रात उलगडला, जे अमेरिकेविषयी होते. तिथे १८७८ च्या कायद्याने संघराज्याच्या सैन्याला, काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, किंवा राज्यघटनेची परवानगी असल्याखेरीज, कायद्याच्या अंमलबजावणीसाठी वापरण्यास मनाई आहे. पण राज्यपालाच्या हुकुमतीखालील नॅशनल गार्ड, म्हणजे तिथल्या राज्यांचे राखीव सैन्य, खर्च संघराज्याने उचलला तरी, त्या मनाईत येत नाही. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी मेक्सिको सीमेवर सहा हजारांपर्यंत गार्ड पाठवले ते याच पद्धतीने, आणि त्यांच्याकडे अटकेचे नव्हे, तर टेहळणी, रस्ते आणि कुंपण अशा साहाय्याचे काम होते. राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाल्यास दहा लाखांपर्यंत राखीव सैनिक चोवीस महिन्यांपर्यंत बोलावण्याचा एक वेगळा संघीय अधिकार आहे. फेब्रुवारी २०१९ आणि जानेवारी २०२५ च्या घोषणांमध्ये त्याचाच आधार घेतला गेला. तेच गणवेश आणि तीच माणसे असूनही हुकूम कोणाचा यावर त्यांना काय करता येते हे बदलते. आपल्याकडे राज्यपालाच्या हाती असे सैन्यच नसल्यामुळे हा प्रश्न त्या रूपात उभा राहत नाही, हे वकीलबाईंनी फळ्यावर दोन रकाने आखून दाखवले. सत्र घाईत झाले, तरी ते फळ्यावरचे रकाने मी वहीत उतरवून घेतले आहेत.

जागेविषयी : स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटे लागतात. खिडक्या रस्त्याच्या बाजूला असल्याने गाड्यांच्या भोंग्यांत मागच्या रांगेला नीट ऐकू येत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसावे. शिकवणे मराठीत होते, पण टिपणे इंग्रजीत आहेत. कायद्याचा मूळ मजकूर इंग्रजीत द्यायला हरकत नाही, त्याखाली मराठी अर्थ मात्र हवा. माझ्या शेजारी बसणारे एक काका, ज्यांचा मुलगा टीएमध्ये आहे, दर वेळी मला हळू आवाजात अर्थ विचारत. सर्वांत अधिक गरज त्यांना होती.

कर्मचारी विभागात काम करणाऱ्यांनी, टीएमधील जवानांच्या घरच्यांनी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा वर्ग जरूर करावा. केवळ युद्धकथा ऐकण्याच्या इच्छेने जाणाऱ्याची निराशा होईल. आयोजकांना मी लेखी कळवले आहे की चौथे सत्र वाढवावे, आणि पुढच्या तुकडीत त्या दिवशी मालकांच्या बाजूचे काही कागद घेऊन यायची माझी तयारी आहे. राजीनाम्याचा मसुदा मी फाडून टाकला. आमच्या मस्टरमध्ये त्या मुलाच्या नावापुढे आता ‘रजा : सैन्यसेवा, कलम ७’ अशी नोंद होते, आणि त्याच्या लेथवर घेतलेल्या माणसाच्या नेमणूकपत्रात ही नेमणूक मूळ कर्मचारी परत येईपर्यंतच आहे असे स्पष्ट लिहिले आहे.