सीएनजी सहा चाकी, शिरोली ते चाकण: वर्ष होत आलं, आता सांगतो

डिझेलची जुनी गाडी काढून सीएनजीवरची सहा चाकी घेतली त्याला वर्ष होत आलं, गाडी कशी हाय, परवडते का, रोज कुणीतरी विचारतंय म्हणून एकदाच लिहितो. आमचं काम कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, भरायचं आणि पुण्याजवळ चाकणला उतरायचं, बाकी कधीमधी मार्केट यार्डातला गूळ.

इंधनाचा खर्च कमी झालाय, त्यात वाद नाही. नव्या डिझेल गाड्यांत धूर साफ करायला घालतात तो युरिया भरायची कटकट नाही, धूर नाही, केबिनमध्ये आवाज पण कमी. पण शोरूमवाला सांगतो तो ऍव्हरेजचा आकडा निम्मा विसरा, सातारा-कागल हायवेच्या सहापदरीच्या कामात सर्व्हिस रोडवर ज्या उड्या माराव्या लागतात त्यात कुठलं ऍव्हरेज आणि काय.

खरी डोकेदुखी गॅस भरायची. बाटल्यांत (गाडीवरचे गॅसचे सिलिंडर) २०० बारचं प्रेशर पाहिजे, पण ज्या पंपावर पाईपलाईन नाही आणि गॅस दुसऱ्या गाडीनं आणून देतात तिथं प्रेशर पडलेलंच असतं, तुम्ही तासभर रिक्षांच्या लायनीत थांबून टाकी अर्धीच घेऊन निघणार. त्यात दुपारी भरला तर बाटले तापतात आणि २०० दाखवून पण किलो कमी बसतो. आम्ही आता रात्रीच भरतो, लाईन पण नसते आणि गॅस पण जास्त बसतो. पंपावर ट्रकचं मोठं नोझल हाय का ते आधी विचारा, लई फरक पडतो. आणि बाटल्यांचं वजन पासिंगमधनंच, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या एकूण वजनातनंच, जातं आणि माल तेवढा कमी भरावा लागतो हे कोण सांगत नाही, कास्टिंगवाल्याला ते लगेच टोचतं.

ताकद? चाकणला जाताना खंबाटकी घाटात बोगदा असतो त्यामुळं भरलेली गाडी कळत नाही. येताना घाट चढायचा, आणि रिटर्नला स्क्रॅप भरलेलं असलं की गाडी दमते, घाईचं काम नाही. उतारावर न्यूट्रल मारायची सवय ड्रायव्हरची मोडायला मात्र लई दिवस लागले. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजिनात गॅस जायचाच बंद होतो, न्यूट्रलला उलट इंजिन नुसतं चालू ठेवायला (आयडल) गॅस जळतो, शिवाय ब्रेकवर सगळा भार.

आता जे कोण बोलत नाही ते. पुण्याच्या प्रेस शॉपचं (पत्रा दाबून भाग बनवतात तिथलं) स्क्रॅप आपल्या फाउंड्र्यांच्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्यांच्या, भट्टीला लागतंच, मग गाडी रिकामी का आणायची? पहिले काही महिने दलालाच्या फोनची वाट बघत चाकणला गाडी उभी असायची, नाहीतर रिकामीच हाणायची. मग इथल्या दोन फाउंड्र्यांशी थेट बोलून स्क्रॅपचं ठरवलं, कमिशन गेलं आणि रिकामा फेरा पण जवळजवळ गेला. खरं सांगू का, हिशोब मांडला तर गॅसनं वाचवले त्यापेक्षा यानं जास्त वाचले. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साईड निघतो, गॅसला तेवढ्याच ताकदीला थोडा कमी, पण रिकामी गाडी गॅसवर आली काय नि डिझेलवर आली काय, हवेचं आणि खिशाचं नुकसान हायच की.

बाटल्यांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं मजबुती तपासणं) दर ३ वर्षांनी करावी लागते, जुनी गाडी बघत असाल तर तो कागद आधी मागा. पुणे लाईनला घ्यायची तर बिनधास्त घ्या. आंबा घाट उतरून कोकणात धंदा असंल तर वाटेत पंप कुठं कुठं हायत ते बघूनच ऍडव्हान्स द्या.