ओपीडीच्या टोकन सिस्टीमचा हिशोब करायला जास्प वापरलं, ५ पैकी ४.५

मी हॉस्पिटलच्या क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. ओपीडीत टोकन सिस्टीम आली की प्रश्न ठरलेला, पेशंटचं थांबणं खरंच कमी झालं का, आणि झालं तर खर्चाच्या मानाने पुरेसं झालं का. त्यासाठी जास्प घेतलं. ॲमस्टरडॅम युनिव्हर्सिटीचं स्टॅटिस्टिक्सचं (आकडेवारी तपासायचं) सॉफ्टवेअर, ओपन सोर्स, एक पैसा लागत नाही. एक्सेलची शीट सीएसव्ही करून उघडायची, टी-टेस्टमधे (दोन गटांच्या सरासरींची तुलना) एका ठिकाणी वेळ आणि दुसऱ्या ठिकाणी आधी/नंतर टाकायचं, उजवीकडे टेबल लगेच तयार.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की नुसतं टिक केलं की सरासरीतला फरक, त्याचा ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) आणि इफेक्ट साइझ (फरक किती मोठा) पी-व्हॅल्यूच्या (मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा दिसायची शक्यता) शेजारीच दिसतात. समजा आधीचे २००० पेशंट, नंतरचे २०००, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत) १० मिनिटं आणि सरासरी १ मिनिटाने कमी झाली. पी येते ०.००२ च्या आसपास, म्हणजे रिपोर्टमधे ‘सिग्निफिकंट’ (फरक नुसता योगायोग वाटत नाही) लिहून मोकळं होता येतं. पण कोहेन्स डी (इफेक्ट साइझचं माप, फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन) फक्त ०.१, ते माप देणाऱ्या जेकब कोहेनने ०.२ ला छोटा इफेक्ट म्हटलंय, हा त्याच्या निम्मा! आणि इंटरव्हल साधारण ०.४ ते १.६ मिनिटं, म्हणजे चांगल्यात चांगलं धरलं तरी दोन मिनिटंही वाचत नाहीत. तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या आईला यातलं काय कळणार? म्हणून किती मिनिटं वाचली तर बदल फायद्याचा धरायचा हे डेटा उघडायच्या आधीच ठरवून लिहून ठेवा, मी तर मिनिटांतच बोलते, डी नंतर.

काही गोष्टी मात्र सॉफ्टवेअरला कळत नाहीत. ‘आधी’चा डेटा मे महिन्याचा आणि ‘नंतर’चा ऑगस्टचा असेल तर पावसाळ्यातली डेंग्यू-तापाची गर्दी टोकनच्या माथी बसते, त्यामुळे मागच्या वर्षीचा तोच महिना घ्या, नाहीतर जिथे टोकन अजून आलं नाहीये अशी दुसरी ओपीडी सोबत मोजा. थांबायचे आकडे एका बाजूला लांबलेले असतात (एखादा तीन तास बसलेला असतोच), तेव्हा मान-व्हिटनी (सरासरीऐवजी आकड्यांचा क्रम लावून तुलना करणारी टेस्ट) पण टिक करून बघा, तिथेच आहे.

अर्धा पॉइंट कापला कारण मेनू इंग्रजीत आहे आणि आमच्या सिस्टरना तो मराठीत हवा होता. बाकी डेटा आणि रिझल्ट एकाच फाईलमधे सेव्ह होतात, अकाउंट्सला तीच फाईल पाठवते.