बाल्कनीतली सुतारकी : घडीच्या वर्कबेंचसोबत नऊ महिने

हा वर्कबेंच मी दिवाळीच्या आधी घेतला. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो, आणि जानेवारीत लिहिलं असतं तर एकच. आता उन्हाळा आणि अर्धा पावसाळा बघून झालाय, म्हणून लिहितो.

घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी साडेचार फूट बाय दहा. त्यात वॉशिंग मशीन, तुळस आणि कपड्यांच्या दोऱ्या. फर्निचर करून बघायची हौस जुनी, पण जागा नाही म्हणून गप्प होतो. दोन जबड्यांचा, हँडल फिरवून आवळायचा आणि काम झालं की घडी करून दारामागे उभा करायचा हा बेंच साडेचार हजारांच्या आत मिळाला आणि सबब संपली.

या वस्तूचा जन्मही अशाच अडचणीतून झालाय. रॉन हिकमन हा लोटस एलान मोटारीचा डिझायनर. १९६१ मध्ये घरी कपाट करताना त्याने फळी खुर्चीवर ठेवून कापली आणि फळीसोबत खुर्चीही कापली गेली. मग त्याने हा बेंच बनवला. आधी कंपन्यांनी नाक मुरडलं, पण १९७०च्या दशकात ब्लॅक अँड डेकरने तो ‘वर्कमेट’ नावाने बाजारात आणला आणि १९८१ पर्यंत असे एक कोटी बेंच खपले होते. माझा त्याच धाटणीचा, पण दुसऱ्याच कंपनीचा. नाव लिहीत नाही, कारण असे डझनभर मिळतात आणि दुखणी सगळ्यांची सारखीच दिसतात.

कापायला हा बेंच उत्तम. मी जपानी रयोबा करवत वापरतो. तिला दोन्ही कडांना दाते असतात, एक बाजू लाकडाच्या रेषेत उभं चिरायला, दुसरी आडवं कापायला. आपली करवत ढकलताना कापते, ही ओढताना. त्यामुळे पातं पातळ असलं तरी वाकत नाही आणि जोर कमी लागतो. फळी जबड्यात आवळायची, एक पाय बेंचच्या खालच्या दांड्यावर ठेवायचा, की काही हलत नाही. एकच लक्षात ठेवा, हिच्या दात्यांना घरी धार लावता येत नाही, पातंच बदलावं लागतं.

खरी फजिती लाकूड तासून सपाट करायच्या रंध्याने केली. रंधा मारायला लागलो की बेंच टाइल्सवरून पुढे चालायला लागायचा. त्यात पायाखाली ढलप्या पडल्या की मीही त्याच्यामागे. दोन महिने मला वाटत होतं रंध्याला धार नाही. दगडावर घासून घासून बोटं काळी केली, नवा रंधा घ्यायच्या बेतात होतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधल्या एका मिस्त्रींना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी रंध्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “साहेब, लाकडाचं नंतर बघा. आधी ते टेबल का पळतंय ते बघा.”

शेजारच्या फ्लॅटच्या दुरुस्तीतून उरलेल्या वाळूच्या दोन गोणी मागून आणल्या, खालच्या दांड्यावर आडव्या टाकल्या, आणि पुढचे पाय भिंतीला टेकवले. त्याच रंध्याने, त्याच धारेने, सागवानाची अखंड ढलपी निघाली. बोटभर रुंद, उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल इतकी पातळ. ती अजून पाकिटात आहे. बायको हसते, हसू दे.

त्या मिस्त्रींमुळे दुसरी गोष्ट सुटली. आठ फुटी ओबडधोबड फळी बाल्कनीत सपाट करणं हा वेडेपणा आहे. वखारीतच चिरून, मशीनचा रंधा मारून आणायची. फक्त जाडी कमी होते हे धरून चाला. मला पूर्ण एक इंच हवा असेल तर सव्वा इंच घेतो. हिशेब घनफुटाचा असतो, तो स्वतः करता यायला हवा. इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी गुणिले फुटातली लांबी, भागिले १४४. म्हणजे आठ इंच रुंद, दीड इंच जाड, सहा फूट लांब फळी म्हणजे अर्धा घनफूट. जुन्या वाड्यांचं सागवान स्वस्त वाटतं, पण त्यात मोडके खिळे असतात, म्हणून मशीनवाले ते घ्यायला नाखूश असतात. मी आधी लोहचुंबक फिरवतो. न फिरवता रंधा मारला त्या दिवशी पात्याला तांदळाएवढी खाच पडली.

पहिली वस्तू केली ती पाट. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. नंतर स्टूल. त्याच्या पायांना कूस, म्हणजे टोकाला खोबणीत जाणारी जीभ, काढून खोबणीत बसवली, चारपैकी तीन घट्ट बसल्या. चौथीत पाचर आहे, कुठे ते सांगणार नाही.

पटाशीवर, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीवर, मोगरी मारताना आवाज खालच्या घरात जातो. वर्कबेंचचे पाय तो थेट स्लॅबला देतात. जाड रबरी मॅट घातल्यावर बराच कमी झाला, तरी ठोकाठोक मी फक्त सकाळी अकरा ते बारा करतो. एप्रिलमध्ये खालच्या काकूंनी हाक मारली, “अरे, तुझा भुसा माझ्या कुरडयांवर येतोय!” तेव्हापासून कठड्याला जुनी चादर बांधतो आणि पॉलिश पेपरचं काम गच्चीवर करतो.

जूनमध्ये पावसाची झड आली आणि बेंचचे जबडे फुगले. ते एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे होते, कडा पुरीसारख्या टम्म. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर ‘घरात वापरायची वस्तू आहे’ असं उत्तर आलं. बाल्कनी घरात येते की नाही यावर वाद घालत बसलो नाही. पाण्यात टिकणाऱ्या अठरा मिमी मरीन प्लायच्या दोन पट्ट्या कापून जुन्याच भोकांतून बोल्ट टाकले. आता पकड आधीपेक्षा बरी आहे. घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

तेलाबद्दल एक इशारा, फ्लॅटवाल्यांसाठी खास. जवसाचं तेल लावलेले बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात.

राहिला चौरंग. मार्चमध्ये केला, वरच्या फळीभोवती चारही बाजूंनी पट्टी, कोपरे पंचेचाळीस अंशांत, सगळीकडे फेविकॉल. दिसायला देखणा. जुलैत दोन कोपरे उघडले, नखाची कड आत जाईल एवढे. लाकूड दमटपणात रुंदीला फुगतं, लांबीला जवळपास नाही, आणि मी त्याला चारही बाजूंनी बांधून टाकलं होतं. पट्टी काढलीय. फळी आता खालून स्क्रूने धरणार, भोकं आडवी लांबट ठेवून, म्हणजे तिला सरकायला जागा राहील. गणपतीला तीन आठवडे आहेत, आणि आई रोज विचारते, “झाला का रे चौरंग, की यंदाही दुकानातलाच आणायचा?”