बीटचा चोथा म्हणून भाताचं तूस विकलं

आमची घोडी 22 वर्षांची. निपाणी भागातल्या कितीतरी वराती तिनं काढल्या. यंदा मात्र कडबा चघळून चघळून त्याचे बोळे खाली टाकायला लागली. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, तर दाढा झिजलेल्या. म्हणाले, "भिजवून मऊ केलेला चारा द्या. नुसता हरभरा वाढवला तर पोट धरेल. साखरेच्या बीटचा चोथा, म्हणजे बीटातून साखर काढल्यावर उरतो तो, मिळाला तर फारच चांगलं."

मी चौकशी सुरू केली आणि दोनच दिवसांत एकाचा फोन आला. "अण्णा, बाहेरचा माल कशाला? आपल्याच कारखान्यातला बीटचा चोथा हाय. डोळं झाकून घ्या." दहा पोत्यांचे पैसे मी फोनवरूनच पाठवले, पावतीही मागितली नाही. चिक्कोडी, अथणी, रायबाग, जिकडं बघाल तिकडं उसाचं गाळप. आपल्या कारखान्यांतून निघतं ते उसाचं चिपाड, आणि तेही बॉयलरमध्ये जळतं. मग बीटचा चोथा आला कुठून? हा प्रश्न तेव्हाच विचारला असता तर जनावराचे हाल टळले असते.

पोत्यांत चोथा म्हणून दाबून केलेल्या गोळ्या आल्या. त्यांना मळीचा गोड वास होता, त्यामुळं घोडी आवडीनं खायची. तरी बरगड्या दिसायला लागल्या. मग एका रात्री पोटदुखीनं लोळली. डॉक्टर पहाटेपर्यंत थांबले, म्हणून वाचली. टेपनं मोजलं तर छातीचा घेर 150 सेंटिमीटरवरून 144 वर आलेला. घेराचा वर्ग गुणिले अंगाची लांबी, भागिले 11,880, असा हिशेब डॉक्टरांनी शिकवला होता. लांबी 140 धरून वजन 265 किलोवरून 244 वर उतरलं होतं.

त्याच सकाळी एक मग गोळ्या चार मग पाण्यात टाकल्या. खरा चोथा पाणी पिऊन फुगतो, मोकळा आणि मऊ होतो. इथं वर तूस तरंगलं, तळाला माती बसली. डॉक्टरांनी ते चिमटीत चोळलं आणि भाताचं तूस असल्याचं सांगितलं.

विकणाऱ्याचा फोन बंद. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ठाण्यातही अर्ज दिला. उरलेली पोती पुरावा म्हणून ठेवली आहेत. तुम्हालाही 'कारखान्यातला बीटचा चोथा' म्हणून कुणी फोन केला, तर आधी मूठभर गोळ्या मागवून भिजवून बघा. पैसे नंतर.

सध्या वाळवलेला लसूणघास बारीक कुटून, दोन तास भिजवून, दिवसातून चार वेळा थोडा थोडा देतोय. उन्हाळ्यात भिजवलेलं लगेच आंबतं, म्हणून घमेल्यात उरलेलं दर वेळी काढून टाकतो. काल घेर 147 भरला.