देशी पाइन म्हणून माझ्या गळ्यात सुरूचं झाड मारलं

2400 रुपये गेले त्याचं वाईट वाटतंयच, पण अप्पांचं त्याहून जास्त वाटतंय म्हणून लिहितोय. सातारा भागात अजून कुणी फसू नये.

अप्पा फौजेत होते, पिथौरागडला 3 वर्षं काढली, तिथल्या चीडच्या, म्हणजे हिमालयातल्या पाइनच्या झाडांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. दारात एक तरी चीड असावं ही त्यांची जुनी इच्छा. गेल्या जूनमध्ये पोवई नाक्याजवळ एक टेम्पोवाला रोपं विकत होता, म्हणाला साहेब हा सह्याद्रीचा डोंगरी देशी पाइन, महाबळेश्वरच्या रानातून आणलाय, आणि पिशवीतून बोराएवढी बारकी खरखरीत फळं काढून दाखवली, हे बघा पाइनचे कोन. मला खरंच वाटलं. 1200 ला एक अशी 2 घेतली, फोनवरून पैसे दिले.

अप्पांनी मन लावून जपली, उन्हाळ्यात तर सकाळ संध्याकाळ पाणी. रोपं जोमात वाढली. परवा शेतीखात्यातले आमचे एक पाहुणे आले, त्यांनी एक हिरवी काडी धरून हळूच ओढली तर ती सांध्यात टचकन सुटली, मग पुढची, मग त्याच्या पुढची. सुई नाहीच ती, बारीक पेरांची डहाळीच आहे. म्हणाले हे सुरू, कोकणात समुद्राकाठी लावतात ते, मूळचं ऑस्ट्रेलियाकडचं. चीडच्या सुया लांबलचक असतात, 3-3 चा झुबका बुडाशी एकत्र, ओढल्या तर पेरं सुटत नाहीत. आणि आपल्या सह्याद्रीत पाइन मुळात उगवतच नाही, चीड हिमालयातलं. म्हणजे सह्याद्रीचा देशी पाइन म्हटलं तिथंच मला कळायला हवं होतं.

अप्पा शांतपणे म्हणाले, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं रे, ह्यांना चीडचा तो वासच नाही, पण तू एवढ्या हौसेनं आणलंस. मला काय बोलावं कळेना.

त्या माणसाचा नंबर बंद आहे, पैसे ज्या नावावर गेले ते त्यानं सांगितलेलं नावच नव्हे. सुरूचं रोप रोपवाटिकेत अगदी थोडक्या पैशात मिळतं, त्याचे याने 1200 घेतले. ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत मिळतं ना, ते पण पाइन नाही बरं का, पाहुण्यांनीच सांगितलं. कराड वाईकडे असा टेम्पो दिसला तर पैसे द्यायच्या आधी एक काडी ओढून बघा, पेरं सुटली की सरळ पुढं चला.