‘फक्त जोडायची बाकी आहे’ म्हणाला आणि ६,८०० पौंड घेऊन गेला

ही गाडी मला विकणाऱ्याचं नाव लिहू नकोस असं वकील मित्राने बजावलंय, नाहीतर पहिल्याच ओळीत लिहिलं असतं. इंग्लंडात राहणाऱ्या आणि जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या मराठी मंडळींनी हे वाचावं. बाकीच्यांनी हसायचं तर हसावं, आमच्या घरात हसून झालंय.

गाडी एमजीबी रोडस्टर, १९७१ ची, अर्धवट रिस्टोर केलेली. एमजी म्हटल्यावर हेक्टर आठवली असेल तर विसरा. ही ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, १९६२ ते १९८० या काळात बनलेली, कापडी टपाची दोन सीटर. जाहिरातीत पत्राकाम पूर्ण, रंग झालेला, इंजिन तयार, सुटे भाग डब्यांत. मालकाची पाठ धरल्यामुळे म्हणे फक्त जोडणी राहिली. सांगितले ७,५००, ठरले ६,८००. त्यात ५०० बयाणा, उरलेले ६,३०० बँकेतून, वर ट्रेलरचे २४०. पाठ, घटस्फोट, परदेशी बदली, अर्धवट प्रोजेक्ट विकणाऱ्याकडे एक गोष्ट तयारच असते, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही होतं.

आणि मी काही डोळे मिटून गेलो नव्हतो. एमजीबीचं इंजिन बीएमसीच्या (महापालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीजचं, १७९८ सीसी. आपल्या ॲम्बेसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. कोल्हापुरात उद्यमनगरात काकांच्या ॲम्बेसिडरचं हेड उतरवताना मी मिस्त्रींना पाने देत उभा राहिलेला माणूस. इथेही प्लग काढले, हाताने फिरवून बघितलं, व्हॉल्व्ह कव्हर उघडलं. इंजिन खरोखर चांगलं होतं. तिथेच घात झाला. मला जे कळतं ते त्याने मला मनसोक्त पाहू दिलं, चहासुद्धा तिथेच आणून दिला.

या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हीच चासी, आणि डोक्यावर छप्पर नाही म्हणून सगळी भिस्त सिलवर, म्हणजे दारांखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेटीवर. सिल म्हणजे बाहेरून दिसतो तेवढा पत्रा नव्हे. आतली सिल, मधला उभा पत्रा, खालची कॅसल रेल, हे सगळं गंजतं आणि सगळंच कापून नवं घालावं लागतं. तेही दाराच्या जागेत आधाराचे बार ठोकून, नाहीतर गाडी मधोमध खचते. खचली की दाराच्या मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते. ही फट बघायची हे मला पाठ होतं. पण दारंच लावलेली नव्हती! नव्या रंगाला ओरखडे नकोत म्हणून ब्लँकेटात गुंडाळून भिंतीला टेकवलेली. किती काळजी घेतो हा माणूस, असं मला वाटलं.

दारं काढलेली गाडी घेऊ नका. ‘आधी लाव, मग बोलू’ म्हणा.

मग त्याने अल्बम काढला. सिल कापलेल्या, नव्या सिल वेल्ड केलेल्या, प्रायमर मारलेला, एकेक फोटो. एका फोटोत दार होतं आणि त्याला ओढायचं हँडल होतं. ओढायची हँडलं सुरुवातीच्या एमजीबींना. १९६५ पासून बटण दाबायची आली. ब्लँकेटातलं दार मी थोड्याच वेळापूर्वी उघडून पाहिलं होतं, त्याला बटण होतं. फोटोतली गाडी दुसरीच होती! हा फरक मला ठाऊक होता, कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता. पण तो पानं उलटत होता, शेजारी त्याचा फोन वाजत होता, ‘संध्याकाळी अजून एक जण येतोय’ हे त्याने मधेच सोडलं होतं. आणि मन त्या वेळी फोटोत खोट शोधत नव्हतं, आपल्या गॅरेजमध्ये ही गाडी कुठे उभी करायची ते मोजत होतं. मला सांगा, तुमचं वेगळं काय झालं असतं?

वेल्डिंगचं बिलही दाखवलं, ३,१५० पौंडांचं. त्यावर गाडीचा नंबर नव्हता. नंबर नसलेलं बिल म्हणजे रद्दी.

घरी आणल्यावर ओळखीच्या गॅरेजवाल्याने दारं चढवली. डावं दार मिटेना. त्याने अंडरसील, म्हणजे गाडीच्या बुडाला गंज लागू नये म्हणून फासतात तो थर, खरवडून स्क्रू-ड्रायव्हर दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. जुन्या गंजक्या सिलवर नवा पत्रा चिकटवलेला, पोकळीत घरबांधणीचा फोम, वर पुट्टी. लोहचुंबक खिशात ठेवा, पुट्टीवर तो चिकटत नाही. डब्यांतल्या भागांत तीन डायनॅमो आणि एकही कार्ब्युरेटर नाही. १९७१ च्या एमजीबीला वीज बनवायला मुळात डायनॅमो नव्हे, अल्टरनेटर लागतो. पत्राकाम आणि रंगाचा अंदाज १४,५०० पौंड.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, दुसऱ्या गाडीचे फोटो दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं? तर एक संदर्भ क्रमांक मिळाला, तो अजून माझ्याकडे आहे, लोणचं घालायला. बँकेने आधी मोठी आशा लावली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करवून घेतलेल्या ट्रान्सफरचे ८५,००० पौंडांपर्यंतचे पैसे परत द्यायचा नियम आहे. मग कळवलं, वस्तू तुमच्या हातात आली, ती वाईट निघाली एवढंच, म्हणजे हा खरेदीचा वाद, नियमात बसत नाही. म्हणजे गाडी दिलीच नसती तर मी फसलेला, भंगार दिलं म्हणून नाही! ग्राहक मदतीच्या फोनवरची बाई गोड बोलली: २०१५ चा ग्राहक कायदा व्यापाऱ्याकडून घेतलं तर, खासगी माणसाकडून घेतलं तर तुमचं तुम्ही बघा. त्याच्या गॅरेजच्या त्याच फरशीवर उभ्या असलेल्या चार वेगवेगळ्या गाड्यांच्या त्याच्या जुन्या जाहिराती मी शोधून पाठवल्या. व्यापारी असून खासगी विक्रेता असल्याचं भासवणं इथे बेकायदा आहे. उत्तर आलं: माहितीची नोंद घेतली, वैयक्तिक प्रकरणात आम्ही पडत नाही. मग पडता कशात?

राहिलं छोट्या दाव्यांचं कोर्ट, १०,००० पौंडांपर्यंतचं. माझ्या रकमेला दाखल करायची फी ४५५ पौंड. पण पत्ता? गॅरेज भाड्याचं होतं, पत्र परत आलं. व्ही५सी वर, म्हणजे गाडीच्या इथल्या नोंदणीपत्रावर, नाव तिसऱ्याच माणसाचं, ‘मित्राच्या काकांचं’. त्या कागदावर स्वच्छ छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि राहत्या घराचं वीजबिल बघितल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका. चासी नंबरही पाटीवरून स्वतः वाचा: जीएचएन म्हणजे रोडस्टर, जीएचडी म्हणजे बंद छपराची जीटी. रोडस्टरवर जीएचडी दिसली तर तिथूनच परत फिरा.

इंजिन ६५० पौंडांना विकलं. बाकी सांगाडा गॅरेजवाल्याच्या अंगणात आहे, आठवड्याला २० पौंड भाड्याने. लिंकनशरच्या बाजूला दारं काढलेली गडद हिरवी किंवा लाल एमजीबी, सोबत फोटोंचा अल्बम, अशी जाहिरात दिसली तर पैसे देण्याआधी मला विचारा. माझ्याकडे त्या अल्बमची पानं आहेत.