सेफारिया: याकोबाच्या बारा पुत्रांवरची भाष्यं वाचायला कसं आहे?

सेफारिया म्हणजे ज्यू धर्मग्रंथांचं संकेतस्थळ नि ॲप. फुकट आहे, जाहिराती नाहीत. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा ४९वा अध्याय उघडून १४व्या वचनावर टॅप करा. बाजूच्या पट्टीत भाष्यं, तार्गुम (अरामी भाषांतरं), मिद्राश (रब्बींचं कथांमधून केलेलं विवरण), तालमूद (रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ) वेगवेगळे दिसतात. खरी मजा इथंच आहे. मूळ वचनात याकोबाचा पुत्र इस्साखार म्हणजे दणकट गाढव. राशी हा मध्ययुगीन भाष्यकार म्हणतो, हे तोरेचं (ज्यू धर्मशास्त्राचं) जू वाहणं. भाऊ जबुलूननं व्यापार करायचा नि इस्साखारला पोसायचं. पुढच्याच वचनात इस्साखार राबणारा होतो, पण ओन्केलोसच्या अरामी भाषांतरात तोच प्रांत जिंकून लोकांकडून खंडणी घेतो! दोन्ही एकाच पडद्यावर.

थोरल्या रऊबेनसाठी ३५:२२ बघा (बापाच्या उपपत्नीशी त्याचा संबंध), सोबत तालमूदच्या शब्बाथ या भागाचं पान ५५ब. ‘रऊबेननं पाप केलं म्हणणारा चुकतो’ हे तिथलंच.

खटकणाऱ्या गोष्टी? पट्टी इंग्रजी-हिब्रूतच, मराठी नाही. बऱ्याच भाष्यांचं इंग्रजी भाषांतरच नाही. आणि ३२व्या अध्यायात क्रमांक एकानं सरकतो: याकोबाला इस्राएल नाव मिळतं ते इथं २९वं वचन, ख्रिस्ती आवृत्त्यांत बहुधा २८वं. संदर्भ टाइप करून भलतंच उघडलं तर कारण हेच. प्रवासात वाचायचं तर ॲपवर पुस्तकं आधीच उतरवून ठेवा.